झोपलेला गॅस

थंडीत गॅस झोपतो. हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं, तीस वर्षं लोकांच्या शेगड्या उघडून-मिटून झाल्यावर. लाज वाटायला हवी होती. राग आला. मला लाजेच्या जागी रागच येतो, त्याला इलाज नाही.

आमचं गाव उष्ण. तिथे थंडी म्हणजे पहाटे चादर गळ्यापर्यंत ओढायची, एवढीच. तिथला गॅस डब्यात गप्प बसतच नाही, बटण फिरवलं की उडी मारून बाहेर. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी दुकानदारानं मला हटकलं तेव्हा मी त्याचं ऐकलं नाही. तो म्हणाला, "ताई, हे निळ्या टोपणाचे डबे वर पठारावर चालत नाहीत. लाल टोपणाचे न्या. निळा गॅस थंडीत उठत नाही."

मी म्हणाले, "दादा, मला गॅस शिकवू नका. तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून माझ्या हातात पाना आहे."

दुकानातली दोन माणसं हसली. मला बरं वाटलं. माणूस मूर्खपणा करतो तेव्हा त्याला बरं वाटतच असतं.

गाडी नवऱ्याची. म्हणजे माल वाहायची जुनी व्हॅन, ती त्यानं वर्षभर आतून शिवली. तो गाद्या आणि सीटकव्हरं शिवतो. गावात आम्हाला शेगडीवाली आणि गादीवाला म्हणतात, खरी नावं पोस्टमनलाही आठवत नसतील. भिंतींना फोम, फोमवर जाड लोकर, लोकरीवर राखाडी कापड, आणि टाका म्हणाल तर कुठे दिसायचा नाही. दाराच्या कडेनं त्यानं अशी पट्टी बसवली होती की दार लावलं की गाडी दम धरल्यासारखी 'हुप' करायची. तो आवाज ऐकून त्याचा चेहरा उजळायचा. नवी नवरी बघून उजळला नव्हता एवढा.

त्या कापडाला मी दोन भोकं पाडली. एक छतात, एक खाली दाराशी, तळहाताएवढी, वर जाळी. खालून ताजी हवा आत, वरून वापरलेली बाहेर. आत शेगडी पेटवायची तर एवढं हवंच. त्यावर आमचं तीन दिवस भांडण चाललं. "माझ्या कामाला भोकं पाडतेस," तो म्हणाला, जसं काही मी त्याच्या पोराच्या गालाला टोचलं होतं. आम्हाला पोर नाही. म्हणून मग असं कशाकशाला तरी टोचतं.

हे सगळं सासूबाईंसाठी. त्यांची छाती गेली दोन वर्षं भात्यासारखी वाजते. छातीचा मोठा डॉक्टर पठाराच्या पलीकडच्या शहरात, चार महिन्यांनी त्याची वेळ मिळालेली, आणि बसमध्ये दहा मिनिटांत सासूबाईंना उलटी. म्हणून ही चाकांवरची खोली. निघताना आमच्या गावच्या डॉक्टरनं एकच गोष्ट बजावून सांगितली. गार हवा यांच्या छातीत जाता कामा नये. गेली, तर पलीकडच्या डॉक्टरकडे न्यायची गरज उरणार नाही.

हे तो माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणाला. तिथेच घात झाला.

पठारावर पोचलो तर बर्फ. रस्त्यावर फाटक पाडलेलं. फाटकवाला खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाला, उद्या दुपारपर्यंत काही उघडत नाही, तळ्याकाठी गाडी लावा आणि गप्प पडा. मी त्याच्या खोलीत जाऊन अर्धा तास हुज्जत घातली. रस्ता त्यानं माझ्या हुज्जतीनं उघडला नाही. मी परत आले तेव्हा नवरा सुईदोरा आवरून ठेवत होता. काय शिवलं, विचारायचं मला सुचलं नाही. त्याच्या हातात सुई नसती तर विचारलं असतं.

सकाळी जाग आली तेव्हा जग नव्हतं.

काचांवर आमचेच रात्रभराचे श्वास गोठून बसले होते, पानं फुटल्यासारखे, शिरा-शिरांनी. त्या पानांतून आत येणारा उजेड दुधाळ, कुठून येतोय ते कळू नये असा. वारा नाही. पक्षी नाही. माझ्या कानात माझंच रक्त वाहत होतं, आणि त्यावर सासूबाईंच्या छातीचा भाता, वर-खाली, वर-खाली. नवऱ्यानं बाहेर जाऊन छतावरचं बर्फ झाडलं. त्याच्या झाडूचा आवाज वरून असा आला की जणू आम्ही पेटीत आहोत आणि कुणीतरी झाकणावरची धूळ पुसतंय.

मी शेगडीचं बटण फिरवलं. फुस्स. एक निळा थेंब, काजव्याएवढा. मग तोही गेला.

पुन्हा. फुस्सही नाही.

डबा काढून कानाशी हलवला. आत गॅस डुचमळत होता. भरलेला डबा, पाण्यासारखा जड, आणि बाहेर यायला तयार नाही. दुसरा डबा लावला, तिसरा लावला. जेट, म्हणजे गॅसची बारीक तोटी, काढून फुंकला, तोंडाला बर्फासारखा चिकटला.

"काय झालं?" सासूबाई गोधडीतून म्हणाल्या. त्यांचं फक्त नाक बाहेर होतं, ते निळं पडलं होतं. गोधड्या नुसत्या अंगावर होत्या, ऊब नव्हती कुठेच.

"गॅस झोपलाय."

"जगाच्या शेगड्या पेटवतेस. आणि घरचीच पेटेना."

"आई, गॅस पातळ होऊन बसलाय डब्यात. थंडीत तो हवा होत नाही."

"मग सांग त्याला. आम्हाला सांगतेस तसं ओरडून."

मी ओरडले नाही. दुकानदाराचं तोंड आठवलं, त्यानं लाल टोपणाचा डबा कसा माझ्यापुढे सरकवला होता ते आठवलं, आणि माझं डोकं गार गाडीत गरम झालं. पण त्या रागात एक गोष्ट सुचली. झोपलेल्याला उठवायचं तर ऊब द्यायची. जाळावर डबा धरायचा नसतो, तो फुटतो. जाळ नव्हताच. गरम पाणी नव्हतं. त्या अख्ख्या गाडीत थोडीफार गरम वस्तू एकच होती, ती माझी सासू.

"आई, हे पोटाशी धरा. दोन्ही हातांनी. वीस मिनिटं."

त्यांनी डबा गोधडीत ओढून घेतला. गार लोखंड पोटाला लागल्यावर आधी एक शिवी दिली, मग डब्याकडे खाली बघत म्हणाल्या, "बावीस वर्षं नातू मागितला. हे दिलंस."

मला राग यायला हवा होता, आणि हसू आलं. त्यांनाही आलं, पण हसल्यावर खोकला लागला, आणि तो थांबेना. थांबला तेव्हा ओठ पांढरे होते. नवरा दारात उभा होता, हातात झाडू, मिशीवर बर्फ. त्यानं आईकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं.

"जाळ्या मोकळ्या आहेत ना?" मी विचारलं. "बर्फ नाही ना बसलं त्यांच्यावर? आता शेगडी पेटेल."

"हो हो," तो म्हणाला, आणि आत येऊन दार लावलं. गाडीनं 'हुप' केलं.

हा माणूस एकदा 'हो' म्हणतो तेव्हा हो असतं. दोनदा म्हणतो तेव्हा नसतं. 'वीजबिल भरलं का', 'हो हो'. 'बहिणीला फोन केला का', 'हो हो'. संसारात मी एवढं एकच शास्त्र शिकले, आणि त्या सकाळी तेच विसरले. माझं लक्ष सासूबाईंच्या ओठांकडे होतं.

वीस मिनिटांनी डबा उठला. बटण फिरवताच ज्योत उभी राहिली, निळी, टोकदार, लहान मुलाच्या दातांसारखी ओळीत. मी पातेल्यात बर्फ भरून ठेवलं. बर्फाचं पाणी व्हायला किती वेळ लागतो, याची कल्पना उष्ण गावच्या माणसाला नसते. भरलेलं पातेलं वितळून बोटभर पाणी. पुन्हा बर्फ. पुन्हा बोटभर. पहिला डबा गार पडून मंदावला की तो सासूबाईंकडे, त्यांच्याकडचा शेगडीला. असं पाळीपाळीनं आम्ही गॅसला झोपवत आणि उठवत राहिलो.

चहा झाला. सासूबाईंनी वाफ घेतली, टॉवेल डोक्यावर घेऊन. टॉवेल काढला तर गालांवर रंग होता.

तिथे मी शेगडी बंद करायला हवी होती.

हे वाक्य मी किती स्वयंपाकघरांत, किती जणींना ऐकवलंय याची गणती नाही. बाई, शेगडी स्वयंपाकाला असते, खोली गरम करायला नसते. काम झालं की बंद. ज्या गॅसला वास येतो तो प्रामाणिक, तो सांगून येतो. जाळ गुदमरला की जो वायू तयार होतो त्याला वास नाही, रंग नाही, तो झोप लागल्यासारखा मारतो. हे मी बोट नाचवून सांगायचे. बायका मान हलवायच्या आणि मी गेल्यावर शेगडीवर हात शेकायच्या, मला माहीत होतं. मी त्यांना मनातल्या मनात मूर्ख म्हणायचे.

त्या सकाळी मी शेगडी चालू ठेवली, कारण सासूबाईंचे ओठ लाल झाले होते आणि भाता हळू वाजत होता. 'आणखी पाच मिनिटं', मी म्हणाले. जाळ्या आहेत की.

आणि मग सगळं छान झालं.

इतकं छान की मला आजही त्याचा राग येतो. काचेवरची पानं वितळून थेंबाथेंबानं खाली ओघळायला लागली, आणि प्रत्येक थेंबात एकेक तळं दिसत होतं, पांढरं, त्याच्या काठाला एकेक छोटी गाडी. नवरा आईच्या पायांशी आडवा झाला, तिच्या पोटऱ्यांवर डोकं ठेवून, पन्नाशीचा माणूस. सासूबाई त्याच्या केसांतून हात फिरवत होत्या. कुणाला काही बोलायची घाई नव्हती. माझं डोकं थोडं दुखत होतं, पण दुसऱ्या कुणाचं दुखावं तसं, लांबून.

"पोरी," सासूबाई म्हणाल्या.

मी इकडेतिकडे बघितलं. पोरी कोण?

"तुझ्या हातांना गॅसचा वास येतो ना, संध्याकाळी तू येतेस तेव्हा. मी म्हणते, हात धू. पण तो वास आला की मला बरं वाटतं. वाटतं, आली घरी. आता दार लावायला हरकत नाही."

"असं होय," मी म्हणाले. माझी जीभ लोकरीची झाली होती.

"तुला सांगायचं राहूनच गेलं. मग म्हटलं, राहू दे. माजशील."

नवरा हसला. डोळे मिटूनच हसला. बाहेर पुन्हा बर्फ पडत असावं, कारण उजेड मऊ होत होत निळा झाला, आणि मग मला वाटलं आपण बाहेर जाऊन तळं बघावं. मी उठले नाही, पण गेले.

तळ्यावर शेगड्या होत्या. गोठलेल्या पाण्यावर, लांबपर्यंत, मी आयुष्यात दुरुस्त केलेल्या सगळ्या. एकेका शेगडीपाशी तिची बाई बसलेली, हात पसरून. मी ओळखलं त्यांना. ती चौथ्या मजल्यावरची शिक्षिका, जिच्या शेगडीत मुंग्या घर करायच्या. ती दोन सवती, एकच शेगडी दोघींची, बर्नर वाटून घेतलेले. ती खाणावळवाली, जी मला कधी बसू द्यायची नाही. सगळ्या गप्प, सगळ्यांचे गाल गुलाबी, आणि बर्फाखालून कुणीतरी गुणगुणत होतं. मी त्यांच्यामधून चालत होते. पायांना थंडी नव्हती. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं, कारण सगळ्या शेगड्यांवर पिवळ्या ज्योती होत्या, उंच, लवलवत्या, कणसांच्या शेतासारख्या.

पिवळ्या.

मी थांबले. पिवळ्या कशा? पिवळी ज्योत म्हणजे जाळाला हवा पुरत नाही. कुणी साफ केले हे बर्नर? कुणी बसवले हे जेट? माझ्या हातून गेलेल्या शेगड्या आहेत या, एकेक निळी जळत असताना मी दिलीय, आणि एकजात पिवळ्या? मला असा संताप आला की त्या शिक्षिकेच्या शेगडीला मी लाथ घातली.

लाथ गाडीच्या भिंतीला लागली. माझा अंगठा दुखला, आणि या वेळी तो माझाच अंगठा होता.

डोळे उघडले. समोर माझी शेगडी होती. ज्योत पिवळी, लांब, आळसावलेली, पातेल्याच्या बुडाला काजळी लावणारी.

लोक म्हणतात देव तारतो, प्रेम तारतं. मला माझ्या धंद्याच्या रागानं तारलं. बाकी कशात एवढा दम नव्हता.

बटण बंद करायला हात निघाला तो शेगडीच्या बाजूला जाऊन पडला. पुन्हा उचलला. बंद केलं. रांगत दाराशी गेले. खालच्या जाळीच्या जागी हात ठेवला, हवा लागेल म्हणून, तर हाताला उशी लागली. राखाडी कापडाची, तळहाताएवढी, जाळीत अशी घट्ट बसलेली की कड शोधूनही सापडू नये. वर बघितलं. छतातही तसंच. इतकं सुरेख काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

मी दाराची कडी ओढली. दार हललं नाही, बाहेरून बर्फ धरून बसलं होतं. पाठ टेकवून दोन्ही पायांनी ढकललं. तिसऱ्या ढकलण्याला ते फाटल्यासारखं उघडलं आणि थंडी आत घुसली.

"दार लाव," नवरा म्हणाला. तो उठून बसला होता, डोळे अर्धे. "आईची छाती. गार हवा. दार लाव."

"उठा. आईंना धरा."

"दार लाव म्हणतो ना." आणि तो खरंच झुकला, माझ्या खांद्यावरून हात घालून त्यानं कडी पकडली आणि दार ओढायला लागला. झोपेत माणसाला इतकी ताकद कुठून येते कोण जाणे. त्याला मुळी कळतच नव्हतं. त्याच्या डोक्यात डॉक्टरचं ते एकच वाक्य उरलं होतं, आणि त्या वाक्यापायी तो आम्हा तिघांना पुरायला निघाला होता.

मी त्याच्या कानाखाली वाजवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आईसमोर.

"अरे मूर्खा, हवेनं नाही मरणार ती, हवेवाचून मरेल. जाळीत काय कोंबलंस तू? बाहेर हो. हो बाहेर."

बावीस वर्षं मी त्याला आईसमोर अहो-जाहो केलं होतं. चपराकीपेक्षा त्याला त्या 'अरे'नं जाग आली असावी. तो बर्फात पडला, उठला, वळला. मग दोघांनी मिळून गादीच ओढली, सासूबाईंसकट, गोधड्यांसकट, पोटाशी धरलेल्या डब्यासकट. रेक्झिनची गादी बर्फावर घसरत लांब गेली, तळ्याच्या दिशेनं, आणि तिच्यावर सासूबाई पडलेल्या, गाल गुलाबी, ओठ लाल, वीस वर्षांनी लहान. इतक्या निरोगी त्या मला कधी दिसल्या नव्हत्या. त्या वायूचा तोच खेळ असतो, मारताना माणसाला सजवतो. मी हे बायकांना सांगायचे. पाहिलं नव्हतं.

"आई."

काही नाही. भाता वाजत होता की नाही तेच कळेना, कारण माझा स्वतःचा श्वास एवढा मोठ्यानं चालला होता. बर्फ पडायचं थांबलं होतं. सगळीकडे तो दुधाळ उजेड, त्यात आम्ही तिघं आणि उघड्या दाराची गाडी. गाडीतून वाफ बाहेर येत होती, शांतपणे, भरपूर जेवलेल्या माणसानं सोडलेल्या श्वासासारखी.

"आई, डोळे उघडा. आई."

नवरा गुडघ्यांवर बसून तिचे तळवे चोळत होता आणि काहीतरी म्हणत होता. मला ऐकायचं नव्हतं. फाटकवाला लांबून पळत येताना दिसला. बर्फात माणूस पळतो तेव्हा तो जागच्या जागीच वर-खाली होतो असं वाटतं. त्यानं एकदा गाडीकडे, एकदा आमच्या तोंडांकडे बघितलं आणि काही न विचारता कमरेचा वायरलेस काढला. बोलून झाल्यावर तो म्हणाला, "प्राणवायूची गाडी निघाली. बर्फ काढणारं मशीन पुढे घालून येतील. तिला एका कुशीवर करा. दर हिवाळ्यात एक-दोन गाड्या असतात. काहींची दारं आम्हीच उघडतो, दुपारी." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही आतून उघडलं?"

"हो."

"मग जगेल ती," तो म्हणाला. त्याला काय माहीत होतं? काही नाही. पण त्यानं ते एकदाच म्हटलं, आणि मला तेवढं पुरलं.

सासूबाईंना कुशीवर केलं. मी त्यांच्या गालावर मारत राहिले, हळू, मग जोरात. चहा तोंडातून बाहेर आला, सगळा. मग खोकला. असा खोकला की तळ्याच्या पलीकडून परत ऐकू आला. मग डोळे उघडले, पांढऱ्या आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मारतेस कशाला, सटवे," त्या म्हणाल्या.

मी बर्फात बसले. माझं मला कळलं नाही कशी बसले.

गाडी आली तेव्हा तिच्यासोबत एक तरुण बाई होती, परिचारिका, जाड बुटांची. तिनं सासूबाईंच्या तोंडावर मुखवटा लावला, आमच्या दोघांच्या बोटांना प्राणवायू मोजायचे चिमटे लावून बघितले, आम्हालाही पाच-पाच मिनिटं नळी दिली. प्राणवायूला चव नसते. तरी मला गोड लागला. मग ती म्हणाली, "यांना लगेच न्यायचंय, पलीकडेच, मोठ्या इस्पितळात. सोबत एकच माणूस बसेल. कोण येतंय?"

नवरा पुढे झाला. साहजिक होतं. मी त्याला वाट दिली.

सासूबाईंनी मुखवटा बोटानं उचलला. "हा नको. हा मला गुंडाळून मारेल. ती येऊ दे."

त्याचा चेहरा मी बघितला. ज्या माणसानं वर्षभर आईसाठी एक खोली शिवली, त्याचा चेहरा. मला त्याची दया आली असं म्हणायला आवडेल. थोडी आली. पण पोटात राग एवढा होता की दया कडेला उभी राहिली.

"तू विचारलंस तेव्हा," तो मला म्हणाला, "मी सांगायला हवं होतं."

"हवं होतं. आणि दुकानदार सांगत होता तेव्हा मी ऐकायला हवं होतं. आणि चहा झाल्यावर शेगडी बंद करायला हवी होती." माझा आवाज चढला. "त्या उशा उसवून काढ. खिडक्या उघड्या ठेवून गाडी आण. थंडी वाजली तर वाजू दे तुला."

"वाजू दे," तो म्हणाला.

मी गाडीत चढले. दार लागताना मला दिसलं, तो आमच्या व्हॅनच्या पायरीवर बसला होता, गुडघ्यात डोकं घालून, आणि फाटकवाला त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

आतून जग पुन्हा पांढरं झालं. काचा दुधाळ, नळीचा एकसारखा सुस्कारा, पुढे मशीन बर्फ कापतंय त्याची गुरगुर. परिचारिका म्हणाली, "यांना झोपू देऊ नका हं. उतार संपेपर्यंत बोलत राहा. काहीही बोला."

काहीही म्हणजे काय? बावीस वर्षांत आम्ही दोघी नुसत्या कधी बोललोच नव्हतो. सासूबाईंच्या पापण्या जड होत होत्या, मऊ, अगदी मघासारख्या. मला त्या मऊपणाची भीती वाटली. मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

"आई, माझी बहीण आली होती तेव्हा तुम्ही तिला चहा विचारला नाहीत. लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात."

पापण्या उघडल्या. मुखवट्याच्या आतून आवाज आला, "ती म्हणाली नको."

"तुम्ही विचारलंच नाही, तर नको कशी म्हणेल?"

"तोंडावरून म्हणाली."

"आणि माझी सायकल तुम्ही भंगारात घातलीत."

"गंजली होती."

"साखळीला तेल हवं होतं नुसतं."

"मला काय स्वप्न पडतं तुझ्या साखळीचं? आणि तू माझा चष्मा. त्याच्यावर बसलीस आणि महिनाभर सांगितलं नाहीस."

"तुम्ही खुर्चीवर ठेवला होता."

"खुर्ची माझी होती."

परिचारिकेनं आधी दचकून आमच्याकडे बघितलं, मग बोटाचा चिमटा बघितला, आणि मान हलवली, चालू द्या. मुखवटा धुरकट व्हायचा, निवळायचा, धुरकट व्हायचा. गाडी उताराला लागली. काचेच्या दुधात पहिल्यांदा काही काळं दिसायला लागलं, झाडं असावीत, एकेक करून वर तरंगत जाणारी. पडद्यांच्या रंगावरून भांडून झालं. मी त्यांच्या भावाच्या तोंडावर सांगितलेलं खरं, त्यावरून झालं. मग मी थोडी गप्प झाले, कारण माझंच डोकं ठणकत होतं आणि झाडं इतक्या हळू जात होती.

माझ्या दंडाला कुणीतरी चिमटा काढला. जोरात, नखानं.

"झोपतेस काय," सासूबाई म्हणाल्या. "त्या पितळी पातेल्याचं भांडण अजून व्हायचंय."